असेंबल्ड कॉम्प्युटरवर विंडोज, ऑफिस रीतसर घ्यायचं तर काय बघायचं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "कराडला करसल्लागार आहे, घरातल्याच एका खोलीत ऑफिस. नवा कॉम्प्युटर असेंबल करून घेतलाय. दुकानदार म्हणतो, विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, ऑटोकॅड सगळं टाकून देतो, वरचे पाचशे द्या. ऑनलाइन विंडोज ११ प्रो आणि ऑफिस २०२१ प्रोफेशनल प्लस, दोन्ही मिळून ६९९ रुपयांना 'लाइफटाइम' म्हणून दिसतंय. मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे, तिलाही याच मशीनवर काम करायचंय. जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपवर विंडोज १० आणि टॅली आहे. सगळं रीतसर हवंय, पण उगाच पैसे घालवायचे नाहीत. काय घेऊ आणि कुठून घेऊ?"

सुरुवात ६९९ रुपयांपासून करतो. दुकानदाराच्या पाचशेत चोरीच्या प्रती आहेत हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर तुम्ही विचारताय. लोक फसतात ते या दुसऱ्या प्रकाराला. पैसे दिलेले असतात, पावती म्हणून काहीतरी पीडीएफ आलेली असते, ई-मेलवर पंचवीस अक्षरांची की येते, ती टाकली की विंडोज निमूटपणे ॲक्टिव्हेट होतं. मग यात बेकायदेशीर काय, असं कुणालाही वाटेल. पण फ्लॅटची किल्ली खिशात आली म्हणून फ्लॅट नावावर होत नाही, इंडेक्स टू लागतो. सॉफ्टवेअरचंही तेच आहे. की चालते, एवढ्यावरून ती कुणाच्या मालकीची, कोणत्या अटींवर दिलेली आणि तुम्हाला विकायचा हक्क विकणाऱ्याला होता का, यातलं काहीच कळत नाही.

या स्वस्त की येतात कुठून? काही भंगारात गेलेल्या ऑफिस कॉम्प्युटरांच्या असतात, ज्यांचं लायसन्स त्या मशीनबरोबरच संपलेलं असतं. काही सॉफ्टवेअर डेव्हलपरांना चाचणीसाठी मिळालेल्या असतात. काही चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात. आणि बऱ्याचशा एखाद्या कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या व्हॉल्यूम लायसन्सच्या असतात. म्हणजे एकच की शेकडो मशीनवर चालते आणि ती आतल्याच कुणीतरी बाहेर विकलेली असते. गैरवापर लक्षात आला की मायक्रोसॉफ्ट ती की बंद करते. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' पुन्हा उगवतं, आणि विकणाऱ्याचं दुकान तोपर्यंत दुसऱ्या नावाने सुरू झालेलं असतं.

तुम्हाला दिसलेल्या जाहिरातीत तर दोन ठिकाणी चोरी उघडी पडलेली आहे. पहिलं, 'ऑफिस २०२१ प्रोफेशनल प्लस' ही आवृत्ती किरकोळीत विकायची नाहीच. ती संस्थांना व्हॉल्यूम करारातून मिळते. म्हणजे कुणी एका माणसाला एका मशीनसाठी ती विकतोय, इथेच विषय संपला. दुसरं, तो 'लाइफटाइम' शब्द. ऑफिस २०२१ चा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. त्यानंतर प्रोग्रॅम उघडेल, पण सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. ज्या मशीनवर अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट आणि पोर्टलचे पासवर्ड आहेत, तिथे असलं ऑफिस ठेवायचं नसतं.

यात आणखी एक मेख आहे जी दुकानदारांनाही बहुधा ठाऊक नसते. विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे नुसतं अपग्रेड असतं. खाली ओईएम (मशीनबरोबर येणारं) किंवा रिटेल (सुटं विकत घेतलेलं) असं मूळ विंडोज लायसन्स आधी असावं लागतं, त्यावर ते चढतं. तुमचं मशीन कोरं आहे. त्याच्यावर उद्या कुणी खरीखुरी, चोरीची नसलेली व्हॉल्यूम की टाकली तरी ते रीतसर होत नाही.

(काही विक्रेते युरोपातल्या न्यायालयाचा दाखला देतात. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एकदा विकलेलं कायमस्वरूपी लायसन्स पुढे विकता येतं असा निकाल दिला, हे खरं आहे. पण तो युरोपीय संघाचा कायदा, आणि त्यातही पहिल्या मालकाने स्वतःची प्रत वापरणं बंद केलेलं असावं ही अट आहे. कराडमध्ये त्याचा काही उपयोग नाही.)

आता आधीच टाकलेलं विंडोज कसलं आहे ते बघायची एक पद्धत सांगतो. दुकानदाराने मशीन 'रेडी करून' दिलं असेल तर काउंटरवरच करून बघा, त्याच्यासमोर. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून ती काळी खिडकी उघडा. तिथे एस, एल, एम, जी, आर ही पाच इंग्रजी अक्षरं सलग, मग एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी, एल, व्ही. एंटर मारलं की क्षणभर काही होत नाही, मग एक छोटा चौकोन उघडतो. त्यात डिस्क्रिप्शन नावाची ओळ शोधा. तिच्या शेवटी 'व्हॉल्यूम' आणि त्यापुढे 'केएमएसक्लायंट' असं लिहिलं असेल तर ते विंडोज स्वतःला एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला बांधलेलं समजतंय. अशा मशीनवर खाली मुदतही मिनिटांत लिहिलेली असते: २,५९,२०० मिनिटं, म्हणजे १८० दिवस. खऱ्या कंपनीत हा आकडा कंपनीचा सर्व्हर वेळोवेळी भरत राहतो. तुमच्या घरी ते काम ॲक्टिव्हेटर, म्हणजे खऱ्या लायसन्सशिवाय विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्रॅम, करत असतो. 'व्हॉल्यूम' पुढे 'एमएके' असेल तर ती कुणाच्या तरी सामूहिक परवान्याची की आहे. 'ओईएम' किंवा 'रिटेल' दिसलं तर लगेच निर्धास्त होऊ नका, कारण डेव्हलपरांना मिळणाऱ्या कीसुद्धा रिटेल म्हणूनच दिसतात. ही तपासणी चोर पकडून देते, साव ठरवत नाही. साव ठरवायला बिलच लागतं.

दुकानदाराच्या पाचशेबद्दल जास्त लिहीत नाही, पण ॲक्टिव्हेटरचा उल्लेख आलाच आहे तर एक सांगतो. हा प्रोग्रॅम चालवायची पहिली सूचना बहुतेक वेळा 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही असते. लोक ती मुकाट पाळतात! दुरुस्तीला आलेल्या एका हिशेबनिसाच्या मशीनमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडून एक्सक्लुजन्सची यादी बघितली, तर अख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळलेला होता. मशीन वर्षभर तसंच चाललेलं. डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, हिरवं टिकमार्क रोज दिसत होतं, फक्त तो बघत काहीच नव्हता. तुमच्याकडे डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून रिटर्न भरले जातात. पाचशे रुपयांत तुम्ही त्या खोलीचं दार कुणासाठी उघडं ठेवताय, याचा विचार कायद्याच्याही आधी करा.

कायदा म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. प्रत बेकायदेशीर आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तुमचा वापर धंद्याचा, त्यामुळे ती सवलत मुलीला लागू होईल, तुम्हाला नाही. व्यवहारात एकट्या करसल्लागाराच्या घरी कुणी धाड घालायला येत नाही, हे मीही जाणतो. नोटिसा येतात त्या बहुतेक डिझाइन आणि इंजिनिअरिंगच्या सॉफ्टवेअरसाठी, आणि दिल्ली उच्च न्यायालय अशा दाव्यांत कमिशनर नेमून कंपन्यांच्या जागेवर तपासणीचे आदेशही देतं. तरी रिटर्न भरताना दुसऱ्यांना कागद नीट ठेवायला सांगणाऱ्याच्या टेबलावर चोरीचं एक्सेल असणं बरं दिसत नाही, एवढं माझं मत.

आता खरेदी. विंडोज दोन रूपांत मिळतं, ओईएम आणि रिटेल. ओईएम स्वस्त असतं. ते कॉम्प्युटर जोडून विकणाऱ्यासाठी असतं, पहिल्या मशीनच्या मदरबोर्डला कायमचं बांधलं जातं, आणि अडचण आली तर मदत करायची जबाबदारी त्या विक्रेत्याची. रिटेल महाग, पण ते तुमचं: उद्या हे मशीन मोडीत काढलं तर तेच लायसन्स पुढच्या मशीनवर नेता येतं, एका वेळी एकाच मशीनवर या अटीवर. तुम्ही पार्ट वेगवेगळीकडून आणून स्वतः जोडले असते तर रिटेलच घ्या म्हटलं असतं, कारण ओईएम स्वतःसाठी जोडणाऱ्याला नसतंच. पण तुम्हाला मशीन दुकानदाराने जोडून विकलंय, तेव्हा त्याने ओईएम टाकून त्याच बिलात लावणं अगदी रीतसर आहे. 'पाचशेचं नको, ओरिजिनल ओईएम दे आणि बिलात लिही' असं म्हणून बघा. बहुतेक दुकानदारांना मागवून देता येतं, कुणी मागत नाही म्हणून ते ठेवत नाहीत.

माझा कल तरीही रिटेलकडे. मदरबोर्ड खराब झाला आणि तसाच दुसरा बसवला तर ओईएमलाही मायक्रोसॉफ्ट आडकाठी करत नाही. पण चार वर्षांनी हौसेने नवा प्रोसेसर आणि नवा बोर्ड घ्यायचा ठरवलात, तर ओईएम तिथेच सोडून द्यावं लागतं. असेंबल्ड मशीन घेणारा माणूस आज ना उद्या बोर्ड बदलतोच. ज्याला बदलायचा नसतो तो ब्रँडेड घेतो.

घ्यायचं कुठून, तर पहिली पसंती मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या साइटवरून थेट. किंमत आधी तिथेच बघा, म्हणजे बाकी ठिकाणी काय भाव चाललाय याचा अंदाज येतो. वितरकाकडून चार पैसे कमी होतील. दहावा हिस्सा होणार नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारात घेत असाल तर पानावरचं कंपनीचं नाव बघू नका, 'विक्रेता' म्हणून खाली बारीक अक्षरात कोण आहे ते बघा. नुसती की ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणणारा सोडून द्या. ओईएमचं पाकीट हातात आलं तर त्यावर मायक्रोसॉफ्टचं प्रमाणपत्राचं लेबल असतं आणि त्यातल्या कीचा काही भाग खरवडायच्या थराखाली झाकलेला असतो. तो आधीच खरवडलेला असेल तर पाकीट परत करा. खरवडताना ब्लेड घेऊ नका. नखाने हळू, नाहीतर अक्षरंच जातात आणि मग आठ आहे की बी आहे यावर घरात चर्चा चालते.

होम की प्रो? दुकानदार सवयीने प्रो टाकतात, कारण त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये तेच असतं. प्रोमध्ये जास्तीचं काय, तर बिटलॉकरचं (डिस्क कुलूपबंद करायच्या सोयीचं) पूर्ण नियंत्रण, बाहेरून या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने येण्याची सोय, ऑफिसच्या सर्व्हरच्या डोमेनला जोडणं, हायपर-व्ही (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणं), ग्रुप पॉलिसी (मशीनवरच्या सेटिंग्जचे नियम ठरवणं). घरातल्याच ऑफिसात एकट्याने काम करणाऱ्याला यातलं बहुधा काही लागत नाही. होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे, म्हणजे कॉम्प्युटर चोरीला गेला तरी डिस्क दुसरीकडे लावून वाचता येत नाही. त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम, म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय, चालू असावं लागतं. रायझनच्या बोर्डवर ते एफटीपीएम नावाने असतं, इंटेलच्या बोर्डवर पीटीटी. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच, त्यामुळे ते चालू आहे का हे दुकानातच बघून घ्या. होम घ्या. पुढे कधी प्रो लागलंच तर आतूनच फरकाचे पैसे भरून अपग्रेड होतं. उलटं होत नाही.

यातूनच एक नेहमीचा घोळ होतो. दुकानदाराने प्रो टाकून ठेवलेलं, तुम्ही होमची की विकत आणता, ती टाकता आणि मशीन नकार देतं. की खोटी निघाली म्हणून फोन येतात. की खरी असते, खाली आवृत्ती वेगळी असते. तसंच 'होम सिंगल लँग्वेज' म्हणून एक प्रकार आपल्याकडच्या ब्रँडेड लॅपटॉपवर सर्रास असतो. साध्या होमची की त्याला चालत नाही, त्याची याला चालत नाही. म्हणून दुकानदाराला सांगा, विंडोज टाकूच नकोस, मशीन कोरं दे.

मग घरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा, ते स्वतःच विंडोज ११ त्यावर भरतं. इन्स्टॉल करताना की विचारली की 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा आणि पुढच्या यादीत होम निवडा. की न टाकता चार-आठ दिवस मशीन तपासून घ्या: रॅम, गरम होणं, आपोआप बंद पडणं, काय असेल ते. पार्ट बदलायचे तर ते याच दिवसांत. मशीन टिकलं की मग लायसन्स विकत घेऊन की टाका. कीशिवाय विंडोज चालत राहतं म्हणून कायमच तसं वापरणारेही पुष्कळ आहेत. ते लायसन्समध्ये बसत नाही, चाचणीपुरतं ठीक.

इथे थांबून एका गोष्टीवर जोर देतो, कारण पैसे भरूनही लोक इथेच अडकतात. सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट खातं मागितलं जातं. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचंच ई-मेल आणि स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. विंडोजचं डिजिटल लायसन्स त्या खात्याला जोडलं जातं. डिस्कच्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी की त्या खात्यात जाते. एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस तर पहिल्यांदा ज्या खात्यावर नोंदलं, त्याचंच कायमचं होतं. दोन वर्षांनी बोर्ड जातो, मशीन रिकव्हरी की मागतं, आणि तो मुलगा दुकान सोडून पुण्याला गेलेला असतो. खातं स्वतः, स्वतःच्या ई-मेलवर, घरी उघडा. मुलीचं वेगळं. नंतर सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग ॲक्टिव्हेशन उघडलं की, लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे अशी ओळ दिसली पाहिजे. हार्डवेअर बदलल्यावर ट्रबलशूटर याच दुव्यावरून रिटेल लायसन्स परत मिळवतो.

ऑफिसकडे येऊ. इतर कुणी विचारलं असतं तर आधी लिबरऑफिस वापरून बघा म्हटलं असतं. ते फुकट आहे, धंद्यासाठीही फुकट आहे, मराठीतूनही चालतं. पण प्राप्तिकर खात्याच्या एक्सेल युटिलिटी मॅक्रोंवर (शीटच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांवर) चालतात आणि त्यांना खरंखुरं एक्सेल लागतं. अशिलांकडून येणाऱ्या शीट्सचंही तेच. तुम्हाला एक्सेल विकत घ्यावंच लागेल.

मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली हे सहा जणांत वाटता येणारं वार्षिक पॅकेज सगळ्यांना दिसतं आणि मोह होतो. तुमच्या ऑफिसच्या कामाला ते चालत नाही. पर्सनल आणि फॅमिली दोन्हींच्या अटींत घरगुती, बिगरव्यापारी वापर असं स्पष्ट लिहिलेलं आहे. धंद्यासाठी दोन वाटा: ३६५ चं बिझनेस गटातलं एखादं पॅकेज, ज्यात डेस्कटॉपवरचं एक्सेल आहे असं (बेसिकमध्ये ते नसतं, ब्राउझरातलंच मिळतं), किंवा ऑफिस होम अँड बिझनेस २०२४, एकदाच पैसे, एक मशीन. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक, वननोट येतं आणि सपोर्ट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. तुमच्यासारख्या एका मशीनवर काम करणाऱ्याला मी दुसरंच सुचवतो. वर्षाच्या वर्षाला भरायचं पॅकेज तेव्हाच, जेव्हा हाताखाली माणसं आहेत आणि फायली क्लाउडवरून फिरतात. मुलीला कॉलेजचा ई-मेल मिळाला असेल तर तिच्या कॉलेजने मायक्रोसॉफ्टचं शैक्षणिक लायसन्स घेतलंय का ते तिने विचारावं. बऱ्याच ठिकाणी ऑफिस तिथूनच मिळतं.

तिच्या बाकीच्या गरजा तुम्हाला वाटतात तितक्या खर्चिक नाहीत. ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स हे सगळं ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देतं. कॉलेजचं ओळखपत्र दाखवून पडताळणी करावी लागते, मुदत एक वर्षाची, शिकत असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण. नावाचं स्पेलिंग कॉलेजच्या कागदावर आहे तसंच टाकायला सांगा. वडिलांचं नाव मध्ये आलं की नाही यावरून अर्ज परत येतात. अट एकच, पैसे घेऊन केलेल्या कामाला ते वापरायचं नाही. तुमच्या एखाद्या बिल्डर अशिलाने 'ताईंना एवढा प्लॅन काढून द्यायला सांगा' म्हटलं तर त्या मशीनवर, त्या लायसन्सवर तो काढायचा नाही. ऑटोडेस्कने कायमस्वरूपी लायसन्स विकणं २०१६ मध्येच बंद केलं, त्यामुळे 'ऑटोकॅड लाइफटाइम की' म्हणून आज जे नवं विकलं जातं त्याबद्दल वेगळं सांगायला नको. स्केचअपची ब्राउझरात चालणारी आवृत्ती शिकण्यापुरती पुरते. थ्रीडी मॉडेलचं ब्लेंडर पूर्ण फुकट, कमाईच्या कामालाही. फोटोशॉपऐवजी पहिल्या वर्षी ॲफिनिटी लावून द्या. ते कॅनव्हाने घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं, फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. कॉलेजने फोटोशॉपच हवं असं म्हटलं तर ॲडोबीचा विद्यार्थी दर आहे, पण ती महिन्याची वर्गणी सुरू करायची घाई नको.

फुकट आहे म्हणून सरसकट घेतलेली चार सॉफ्टवेअर तुमच्याच ऑफिसात निघतील. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरचंच उदाहरण घ्या. अशिलाच्या मशीनवर जाऊन जीएसटी पोर्टल बघायला सगळे करसल्लागार वापरतात. ते फुकट आहे फक्त खाजगी वापराला, आणि धंद्याचा वास आला की जोडणी मध्येच तुटायला लागते. विंडोजबरोबर येणारं क्विक असिस्ट वापरा, किंवा रीतसर वर्गणी भरा. झिप फायली उघडायचं विनरार चाळीस दिवसांच्या चाचणीवर आहे, मग ते कितीही वर्षं उघडत राहो. त्याऐवजी सेव्हन-झिप. पीडीएफवर डिजिटल सही करायला ॲडोबीचं फुकटचं रीडर पुरतं, त्यासाठी क्रॅक केलेलं ॲक्रोबॅट टाकून घेणारी ऑफिसं मी पाहिलीत. अँटिव्हायरस वेगळा घ्यायलाच हवा असं मला वाटत नाही, डिफेंडर चालू आणि अपडेट चालू असले की पुरे. घ्यायचाच असेल तर खोका दुकानातून बिलावर घ्या, तारीख बघून. मराठी टायपिंगला विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत, युनिकोड फाँटही. श्रीलिपीसारखं पॅकेज जुन्या फाँटमधल्या फायली रोज उघडाव्या लागत असतील तरच.

बिलाबाबत तुम्हाला मी शिकवायला नको, तरी दुकानदार काय करतात ते सांगतो. 'सॉफ्टवेअर चार्जेस' किंवा 'इन्स्टॉलेशन' अशी एक ओळ मारून देतात. ती चालवून घेऊ नका. उत्पादनाचं पूर्ण नाव, आवृत्ती, ओईएम की रिटेल, नग एक, आणि तुमच्या फर्मच्या नावावर जीएसटीआयएनसह. १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी असेल तर क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसलं की समजायचं विक्रेता खरा आहे. ६९९ वाल्याचं ते कधी दिसत नाही. घसारा कॉम्प्युटरबरोबरच ४० टक्क्यांनी. विद्यार्थी लायसन्स मात्र फर्मच्या कागदांत कुठेही आणू नका, ते मुलीच्या नावावर आणि तिच्याच खात्यावर राहू द्या.

राहिलं जुनं मशीन. त्याच्या कॅबिनेटवरची विंडोजची की नव्यात चालणार नाही, ती ओईएम आहे. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून नवं विंडोज चालू करायची सवलत होती, तीही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. टॅलीचं वेगळं आहे, ते तुमचंच आहे आणि हलवता येतं. पण जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करायच्या किंवा कुणाला द्यायच्या आधी, तो चालू असताना, टॅलीतून लायसन्स सरेंडर करा, मग नव्यावर त्याच ई-मेल आयडीने ॲक्टिव्हेट करा. आधी फॉरमॅट मारला की टॅलीवाल्याला फोन, विनवण्या, आणि तोवर एज्युकेशनल मोड, ज्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि एकतीस एवढ्याच तारखांना एंट्री पडते. ऐन रिटर्नच्या आठवड्यात हे नको. कोणत्या ई-मेलवर टॅली नोंदलेलं आहे ते आजच बघून ठेवा. पुष्कळांचं पहिल्या टॅली पार्टनरच्या ई-मेलवर असतं आणि ते बदलून घ्यायला दोन-तीन दिवस जातात.

त्या जुन्या डेस्कटॉपवरच्या विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर सेटिंग्जमधूनच विंडोज ११ फुकट चढेल, तेच ओईएम लायसन्स त्याला पुरतं. त्याहून जुना असेल तर टॅली काढून झाल्यावर लिनक्स मिंट टाका आणि घरात ब्राउझिंगला ठेवा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन मात्र त्यावर लावायच्या भानगडीत पडू नका, ते काम नव्या मशीनवरच करा.